जहाजाचे मुख्य भाग आणि त्यांची कामे: शालेय प्रतिकृतीसाठी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: विज्ञानशिक्षिका, जुळे सोलापूर

सर्वांना नमस्कार.

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या नववीच्या मुलांनी मालवाहू जहाजाची प्रतिकृती करायला घेतली आहे. यांतील बहुतेकांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पंढरपूरला चंद्रभागेतील होड्या आणि उजनीच्या पाण्यावरील मासेमारांच्या नावा एवढीच त्यांची पाण्यावरील वाहनांशी ओळख आहे. त्यामुळेच की काय, त्यांचे कुतूहल फार मोठे आहे, आणि नावांच्या चिठ्ठ्या चिकटवून ते संपवून टाकावे असे मला वाटत नाही.

आमच्याकडील तक्त्यांत नाळ (जहाजाचे पुढचे टोक), डेक (वरचा सपाट मजला), ब्रिज (जहाज चालवण्याची उंचावरील खोली), धुरांडे, नांगर, सुकाणू असे भाग बाण काढून दाखवलेले असतात आणि प्रत्येकासमोर एका ओळीत त्याचे काम लिहिलेले असते. मुले ती यादी पाठ करतात; पण यांपैकी एखादा भाग नसता तर काय बिघडले असते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. उलट मुलांनी मला विचारलेले प्रश्न असे आहेत: पंखा जहाजाच्या मागच्याच टोकाला का असतो आणि सुकाणू त्याच्याही मागे का? एवढे अवजड जहाज एका नांगराने कसे थांबते? काही जहाजांच्या पुढच्या टोकाला पाण्याखाली गोल फुगवटा असतो, तो कशासाठी?

दुसरी अडचण प्रतिकृतीची आहे. मुलांनी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून सुमारे सत्तर सेंटिमीटर लांबीचा सांगाडा तयार केला, त्यावर प्लायवूडची तीन मजली इमारत आणि धुरांडे बसवले. शाळेच्या हौदात सोडले की ते लगेच एका कुशीवर कलंडते. तळात मूठ-दोन मूठ खडी टाकली तर मात्र सरळ उभे राहते. वजन वाढवल्यावर ते अधिक स्थिर का होते, हे मुलांना समजेल अशा रीतीने कोणी सांगू शकेल का? जहाजावर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहिले तर फार उपयोग होईल.

प्रतिसाद १: निवृत्त सागरी अभियंता, विजापूर रस्ता

मॅडम, नमस्कार. माझी सारी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, आणि निवृत्तीनंतर मी सोलापुरातच राहतो. तुमच्या वर्गाने विचारलेले प्रश्न अगदी योग्य आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तक्त्यांमधील मोठी उणीव अशी की, त्यांत पाण्याच्या वर दिसणारे भाग ठळकपणे दाखवलेले असतात, आणि जहाज ज्यांच्या जोरावर तरंगत राहते ते भाग, जे बहुतेक सारे पाण्याखाली किंवा भिंतींच्या आत असतात, ते गाळलेले असतात किंवा कोपऱ्यात ढकललेले असतात. ब्रिजच्या काचा फुटल्या किंवा धुरांड्याला भोक पडले तरी जहाज बुडत नाही. तळाच्या पत्र्याला भेग पडली आणि आतील आडव्या भिंती धड नसल्या तर मात्र बुडते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, प्रतिकृतीची एक बाजू पत्र्याऐवजी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची करावी आणि मुलांना बाहेरून नव्हे, तर आतून जहाज दाखवू द्यावे.

सुरुवात सांगाड्यापासून, म्हणजे ज्याला आम्ही हल म्हणतो त्यापासून करावी. पाणी बाहेर ठेवणे हे त्याचे एक काम झाले. वाकण्याला तोंड देणे हे दुसरे. मोठी लाट जहाजाच्या मधोमध आली की मधला भाग उचलला जातो आणि दोन्ही टोके खाली लोंबतात. लाटेचे दोन शेंडे नाळेखाली आणि मागच्या टोकाखाली आले की मधला भाग खाली झोळ घेतो. वादळात हे दर काही सेकंदांनी उलटसुलट होत राहते. दोनशे मीटर लांबीच्या जहाजाच्या डेकवर एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाकडे पाहिले, तर ही वाकण्याची हालचाल उघड्या डोळ्यांना दिसते. बाहेरचा पोलादी पत्रा साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा असतो, आणि एवढ्या मोठ्या आकाराच्या मानाने तो पातळच म्हणायला हवा. त्याला ताकद येते ती आतून उभ्या-आडव्या जोडलेल्या फासळ्यांमुळे आणि तळाच्या मध्यरेषेवरून पुढून मागे जाणाऱ्या कण्यामुळे. या कण्याला कील म्हणतात, आणि आपल्या कोकणातील जुने गलबत बांधणारे त्यालाच पठाण म्हणत असत.

यानंतर दुहेरी तळ येतो. बाहेरच्या तळाच्या वर एक-दोन मीटरवर दुसरा, आतला तळ असतो आणि मधल्या जागेत टाक्या असतात. जहाज खडकाला घासले आणि बाहेरचा पत्रा फाटला, तरी पाणी त्या टाकीपुरतेच आत येते. तेलवाहू जहाजांच्या बाबतीत या रचनेचे महत्त्व जगाला फार मोठी किंमत मोजून कळले. मार्च १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे एकेरी सांगाड्याचे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले, आणि हजारो टन कच्चे तेल समुद्रात गेले. त्यानंतर नव्या तेलवाहू जहाजांना तळाबरोबरच बाजूंनाही दुहेरी भिंत असणे बंधनकारक झाले.

दुहेरी तळाइतकाच, किंबहुना त्याहून मोलाचा भाग म्हणजे आडव्या जलरोधक भिंती. यांना बल्कहेड म्हणतात. वेळूच्या पोकळ कांडीत जशी ठराविक अंतरावर पेरे असतात, तशा या भिंती जहाजाच्या पोकळीचे स्वतंत्र कप्पे पाडतात. नाळेच्या थोडी मागे असलेली पहिली भिंत तर केवळ टकरीसाठीच ठेवलेली असते. पुढचे तोंड चेपले तरी पाणी तेथे अडावे, हा तिचा हेतू. ‘टायटॅनिक’ला अशा भिंतींनी सोळा कप्पे पाडलेले होते आणि पुढचे चार कप्पे भरले तरी ते तरंगू शकले असते. एप्रिल १९१२ मधील त्या रात्री हिमनगाने त्याहून अधिक कप्प्यांना इजा केली, आणि भिंती पुरेशा उंचीपर्यंत नेलेल्या नसल्यामुळे जहाजाचे तोंड खाली जाऊ लागताच पाणी एका भिंतीवरून पलीकडच्या कप्प्यात ओसंडत गेले. भिंत असणे आणि ती पुरेशी उंच असणे, यांतील फरक मुलांना प्रतिकृतीत दाखवता येईल. एका कप्प्याला बूच असलेले भोक ठेवा; बूच काढल्यावर तेवढाच कप्पा भरतो आणि जहाज किंचित पुढे झुकून तरंगत राहते. मग मधली भिंत अर्ध्यावर कापून तोच प्रयोग पुन्हा करा. या दोन प्रयोगांतून मुलांना जे कळेल ते दहा तक्ते देऊ शकणार नाहीत.

आता पंख्याविषयी. मोठ्या मालवाहू जहाजांत मुख्य इंजिन बहुधा संथ गतीचे दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन असते. ते मिनिटाला साधारण शंभर किंवा त्याहूनही कमी फेरे घेते आणि मधे गिअरबॉक्स न ठेवता थेट लांब दांड्याने, म्हणजे शाफ्टने, प्रॉपेलरला, म्हणजे पंख्याला, जोडलेले असते. मोठ्या कंटेनर जहाजांचा प्रॉपेलर नऊ-दहा मीटर व्यासाचा असू शकतो. मागे जायचे असेल तेव्हा अशा जहाजात इंजिन थांबवून तेच उलट्या दिशेने सुरू केले जाते.

येथे एका अशा भागाविषयी आवर्जून लिहितो, जो मी कोणत्याही शालेय चित्रात पाहिलेला नाही. प्रॉपेलर पाणी मागे ढकलतो, म्हणून पाणी प्रॉपेलरला पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम मुलांना ठाऊक आहे. पण हा जोर पुढे कोठे जातो, असे त्यांना विचारावे. प्रॉपेलर शाफ्टला पुढे रेटतो, आणि हा रेटा कोठे अडवला नाही तर तो सरळ इंजिनच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे आतील मुख्य दांड्यावर, येऊन इंजिन मोडून टाकील. म्हणून शाफ्टला एक जाड पोलादी कडे असते आणि ते इंजिनच्या मागच्या टोकाशी असलेल्या थ्रस्ट बेअरिंगमधील पट्ट्यांवर, तेलाच्या पातळ थराच्या आधाराने, फिरता फिरता टेकते. हे बेअरिंग जहाजाच्या तळाशी पक्के बांधलेले असते. हजारो टनांचे जहाज प्रत्यक्षात पुढे ढकलले जाते ते या एवढ्याशा जागेवरून. इंजिनरूममध्ये नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच तेथे नेऊन त्या आवरणावर हात ठेवायला सांगत असे, कारण तेथील उष्णता आणि कंप एकदा ओळखीचे झाले की त्यात झालेला बदलही हाताला कळतो.

शाफ्ट सांगाड्यातून बाहेर पडतो त्या नळीला स्टर्न ट्यूब म्हणतात. शाफ्ट फिरत राहील पण समुद्र आत येणार नाही, ही जबाबदारी तिच्या सीलवर असते. तुमच्या प्रतिकृतीत मोटार बसवणार असाल तर सर्वांत आधी गळती येथेच होईल. नळीत ग्रीस भरून ठेवा.

धुरांड्याविषयी थोडक्यात: इंजिन, जनरेटर आणि बॉयलर यांचा धूर डेकवरील माणसांपासून दूर, उंचावर सोडणे एवढेच त्याचे काम आहे, आणि त्यावर कंपनीची खूण रंगवण्याची पद्धत आहे.

एका यंत्राचा उल्लेख मात्र आपल्या गावासाठी करावासा वाटतो. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापूरकरांना जहाजावरील गोड्या पाण्याचे यंत्र नक्की आवडेल. इंजिनला थंड ठेवणारे पाणी गरम होऊन बाहेर पडते. त्याची वाया जाणारी उष्णता घेऊन, आणि भांड्यातील हवेचा दाब पंपाने कमी करून, समुद्राचे पाणी साठ अंशांच्याही खालच्या तापमानाला उकळवले जाते, वाफ थंड केली जाते, आणि दिवसाला वीस-पंचवीस टन गोडे पाणी मिळते. कमी दाबाला कमी तापमानावर पाणी उकळते, या एका ओळीच्या नियमावर साऱ्या खलाशांची आंघोळ आणि स्वयंपाक चालतो.

प्रतिसाद २: डेक अधिकारी, मूळ बार्शी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. अभियंता साहेबांनी इंजिनरूमची बाजू मांडली; सुकाणू, नांगर आणि फुगवटा यांविषयी मी लिहितो, कारण ही कामे आमच्या खात्यात येतात.

पंखा मागे असण्याची कारणे अनेक आहेत, पण मुख्य हे की, पुढे बसवला तर त्याने मागे फेकलेले पाणी थेट सांगाड्यावर आपटून विरोध वाढवील, आणि उथळ पाण्यात किंवा टकरीत तोच आधी सापडेल. सुकाणू त्याच्या मागे असते, कारण प्रॉपेलरने वेगाने फेकलेला पाण्याचा झोत सुकाणूच्या पात्यावर पडतो. त्यामुळे जहाज स्वतः संथ चालत असतानाही सुकाणूला वळवण्याचा जोर मिळतो. इंजिन बंद करून जहाज नुसते वाहत असले की सुकाणू किती दुबळे होते, हे बंदरात शिरताना प्रत्येक अधिकाऱ्याने अनुभवलेले असते. सुकाणू साधारणपणे दोन्ही बाजूंना ३५ अंशांपर्यंत वळते. जहाज पूर्ण वेगात असताना ते एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत वळले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मुलांना हेही सांगावे की, सुकाणू नाळेला वळवत नाही. ते मागचे टोक बाहेर ढकलते आणि त्यामुळे नाळ वळते. म्हणूनच धक्क्याजवळ वळताना आमची नजर पुढच्यापेक्षा मागच्या टोकावर अधिक असते.

नांगराविषयी सर्वसाधारण समज असा आहे की, लोखंडी आकडा तळात रुततो आणि जहाज धरून ठेवतो. यात निम्मेच सत्य आहे. जहाजाला धरण्यात समुद्रतळावर आडव्या पडलेल्या जड साखळीचा वाटा फार मोठा असतो. साखळी पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब सोडली जाते, म्हणजे तिचा बराचसा भाग तळावर लोळत राहतो आणि नांगराला बसणारी ओढ आडवी राहते. ओढ आडवी असेपर्यंत नांगराची पाती तळात अधिकाधिक रुततात. ओढ उभी झाली की तोच नांगर सहज उपटून येतो. नांगर उचलताना आम्ही नेमके हेच करतो: विंडलासने, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राने, साखळी आत घेत घेत जहाज नांगराच्या डोक्यावर आणायचे, म्हणजे तो सुटतो.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. नाळेवरील डेकवर बोसन, म्हणजे डेकवरील खलाशांचा मुकादम, विंडलासच्या ब्रेकचे चाक सैल करतो, आणि क्षणभर काहीच होत नाही. मग साखळी एकदम धावू लागते, एकेक कडी माणसाने दोन्ही हातांनी उचलू म्हटले तरी जड जावी एवढी, आणि गंज व वाळलेला चिखल यांचा तांबूस धुरळा उडून समोरचे दिसेनासे होते. साखळीचे तुकडे २७.५ मीटर लांबीचे असतात. त्यांना शॅकल म्हणतात, आणि प्रत्येक जोडाजवळ रंगाने खूण केलेली असते. ती खूण डोळ्यांसमोरून जाताच बोसन घंटेचे तितके ठोके देतो किंवा वॉकीटॉकीवर ब्रिजला आकडा कळवतो. ब्रेक फार उशिरा आवळला तर एवढ्या वजनाचा वेग आवरत नाही, म्हणून तेथे उभा असलेला प्रत्येक जण साखळीच्या रेषेपासून बाजूला राहतो. चालत्या जहाजाला थांबवण्यासाठी मात्र नांगर नसतो. भरलेले मोठे जहाज इंजिन उलटे फिरवूनही थांबायला कित्येक किलोमीटर घेऊ शकते. जहाजाला ब्रेक नाही, ही गोष्ट मुलांच्या लक्षात राहील.

पाण्याखालील फुगवट्याला बल्बस बो म्हणतात. जहाज पुढे जाताना नाळेपाशी लाट उठते आणि ती उठवण्यात इंजिनची बरीच शक्ती खर्च होते. फुगवटा स्वतःची एक लाट थोडी पुढे उठवतो. दोन्ही लाटा अशा जुळतात की, एकीचा शेंडा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि परिणामी लाट लहान होते. याचा फायदा ठराविक वेगाला आणि ठराविक खोलीपर्यंत भरलेल्या जहाजालाच मिळतो, म्हणून संथ चालणाऱ्या लहान बोटींना तो नसतो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ४०० मीटर लांबीच्या ‘एव्हर गिव्हन’चा हाच फुगवटा काठाच्या मातीत रुतला होता, आणि जहाज सोडवताना नाळेभोवतीची माती उपसावी लागली.

ब्रिजविषयी एकच गोष्ट सांगतो. तो उंचावर असतो तो रुबाबासाठी नव्हे. समोर रचलेल्या कंटेनरांमुळे नाळेपुढील काही अंतर समुद्र दिसत नाही. हे झाकलेले अंतर नियमाने ठरलेल्या मर्यादेत राहावे, यासाठी ब्रिजची उंची आणि कंटेनरांची रचना यांचा मेळ घालावा लागतो. काही अतिशय मोठ्या कंटेनर जहाजांत म्हणूनच ब्रिज मागून काढून मध्याच्या पुढे आणलेला आहे आणि इंजिन व धुरांडे मागे राहिले आहेत.

विज्ञानशिक्षिका, जुळे सोलापूर

दोघांचेही मनापासून आभार. अर्ध्या उंचीच्या भिंतीचा प्रयोग आम्ही निश्चित करू, आणि अ‍ॅक्रिलिकची बाजू लावण्याचे काम मुलांनी आजच हाती घेतले आहे. कलंडण्याचा प्रश्न अजून बाकी आहे. मुलांपैकी एकाने खडीऐवजी तळात पाणी ओतून पाहिले, तर जहाज पूर्वीपेक्षाही अधिक झुकले. खडीने सरळ आणि पाण्याने वाकडे, असे का व्हावे? प्रत्यक्ष जहाजात तर पाणीच भरतात असे वाचले आहे.

प्रतिसाद १: निवृत्त सागरी अभियंता, विजापूर रस्ता

मॅडम, त्या मुलाला माझी शाबासकी सांगावी. त्याने जो परिणाम पाहिला त्यामुळे प्रत्यक्षात जहाजे उलटलेली आहेत.

जहाजावर दोन बले काम करतात. त्याचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, आणि पाण्याचे उत्प्लावन बल, जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या आकाराच्या मध्यातून, वर ढकलते. जहाज डावीकडे झुकले की डावीकडचा अधिक भाग पाण्यात जातो, त्यामुळे वर ढकलणारे बल डावीकडे सरकते. गुरुत्वमध्य पुरेसा खाली असेल तर या दोन बलांची जोडी जहाजाला फिरवून पुन्हा सरळ करते. गुरुत्वमध्य फार वर असेल तर तीच जोडी त्याला आणखी कलंडवते. तुमच्या प्लायवूडच्या तीन मजल्यांनी गुरुत्वमध्य वर नेला होता, खडीने तो खाली आणला. वजन किती वाढले यापेक्षा ते कोठे वाढले, हे येथे महत्त्वाचे. हीच खडी ब्रिजच्या छतावर ठेवून पाहिली तर फरक तत्काळ दिसेल.

पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. खडी जागेवर राहते. सुटे पाणी मात्र जहाज झुकेल त्या बाजूला धावते आणि झुकाव वाढवते. यास मुक्त पृष्ठाचा परिणाम म्हणतात. म्हणून जहाजावर बॅलास्टच्या, म्हणजे जहाज स्थिर ठेवण्यासाठी भरलेल्या पाण्याच्या, टाक्या शक्यतो पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात, अर्धवट ठेवत नाहीत, आणि रुंद टाक्यांना मधून लांबीच्या दिशेने भिंत घालतात. भिंतीमुळे पाण्याला धावायला मिळणारी रुंदी निम्मी होते आणि परिणाम त्याहून कितीतरी अधिक कमी होतो. तुम्ही तळात लांबीच्या दिशेने एक पत्रा उभा लावा, तेवढेच पाणी ओता, आणि झुकाव कोनमापकाने मोजा.

माल उतरवून रिकामे झालेले जहाज पाण्यातून वर येते, प्रॉपेलर आणि सुकाणू अर्धवट उघडे पडतात, आणि ते वाऱ्याच्या स्वाधीन होते; म्हणून परतीच्या प्रवासात समुद्राचे पाणी टाक्यांत भरून घ्यावे लागते. या पाण्याबरोबर एका समुद्रातील जीव दुसऱ्या समुद्रात जाऊन तेथील जलसृष्टीची हानी करतात. त्यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला असून, आता जहाजांवर बॅलास्टचे पाणी शुद्ध करणारी यंत्रे बसवलेली असतात.

प्रतिसाद ३: इतिहासाचा वाचक, सोलापूर

जहाजाचे भाग सोलापुरात शिकवले जात आहेत हे वाचून आनंद झाला, कारण या विषयाचा आपल्या शहराशी फार जवळचा संबंध आहे. भारतीय मालकीच्या आधुनिक जहाज वाहतुकीचे एक अध्वर्यू वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि त्याची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

प्रतिकृतीच्या दृष्टीने ‘लॉयल्टी’ अभ्यासण्यासारखे आहे. ते मूळचे १८९१ सालचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज. त्याला दोन धुरांडी होती आणि वाफेची इंजिने असूनही तीन डोलकाठ्या होत्या. शिडांकडून वाफेकडे जाण्याच्या काळातील ही रचना आहे. आजच्या जहाजावरही डोलकाठी शिल्लक आहे, पण तिच्यावर शीड नसून रडार, दिवे आणि संदेशवहनाच्या अँटेना आहेत. एखादा भाग टिकून राहतो आणि त्याचे काम पूर्ण बदलते, याचे हे उत्तम उदाहरण मुलांना दाखवता येईल. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणीचा कारखानाही १९४१ मध्ये वालचंद यांच्याच पुढाकाराने सुरू झाला, आणि तेथे बांधलेली ‘जलउषा’ ही आगबोट मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडली गेली. प्रदर्शनातील फलकावर एवढा मजकूर आला तर सोलापूरच्या मुलांना आपण कोणाच्या गावचे आहोत हे कळेल.

प्रतिसाद २: डेक अधिकारी, मूळ बार्शी

प्रतिकृती रंगवण्याआधी एक भार-रेषा, म्हणजे जहाज कोठवर बुडेपर्यंत माल भरता येतो हे दाखवणारी खूण, अवश्य काढावी, असे सुचवतो. जहाजाच्या दोन्ही बाजूंना, मधोमध, एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ असते, आणि शेजारी लहान रेघांची शिडी असते. जहाजमालक लोभापायी अति माल भरून खलाशांना मृत्यूच्या तोंडी देतात, याविरुद्ध सॅम्युएल प्लिम्सॉल या ब्रिटिश खासदाराने चिकाटीने लढा दिला, आणि १८७६ च्या ब्रिटिश कायद्याने जहाजावर अशी खूण सक्तीची झाली. रेघा अनेक असतात, कारण पाणी सर्वत्र सारखे नसते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के अधिक घन असते, त्यामुळे समुद्रात बारा मीटर बुडणारे जहाज नदीच्या मुखाशी गोड्या पाण्यात शिरले की साधारण तीस सेंटिमीटर अधिक खाली जाते. हिवाळी वादळांच्या समुद्रांसाठी रेघ आणखी खाली असते, म्हणजे तेथे माल कमी भरावा लागतो.

तुमचे जहाज आठ सेंटिमीटर बुडत असेल तर लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात ते जेमतेम दोन मिलिमीटर वर येईल, आणि हा फरक लांबून दिसणार नाही. म्हणून एका टबात साधे पाणी आणि दुसऱ्यात विरघळेल तितके मीठ घातलेले पाणी ठेवावे. तेव्हा फरक सेंटिमीटरभर पडेल आणि मागे उभ्या असलेल्या परीक्षकांनाही दिसेल. पाण्याखालचा भाग तांबडा रंगवलात तर ही रेषा उठून दिसेल. खऱ्या जहाजांचा तळ पूर्वापार तांबडा दिसतो, कारण शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या रंगात तांब्याचे तांबडे ऑक्साइड असते. पुढे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या बाजूला तांबडा आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा बसवा. रात्री समोरचे जहाज आपली कोणती बाजू दाखवत आहे, हे आम्ही त्यावरूनच ओळखतो.